नव्वद रुपयांचा गारवा: झटपट कोल्ड पॅक आणि टिचकीची गरम पिशवी, वर्षभर वापरून

तालुक्याच्या खो-खो सामन्यात आमच्या एका मुलीचा पाय मुरगळला तेव्हा मैदानावर बर्फाचा खडा नव्हता. माझ्या पर्समध्ये मात्र एक पांढरी चौकोनी पिशवी होती, परभणीच्या एका सर्जिकल दुकानातून आदल्याच आठवड्यात आणलेली. दुकानदाराने सांगितलं होतं, "मॅडम, मुठीनं जोरात दाबायचं. आतली पिशवी फुटली की झाला बर्फ." मी दाबली. फुटेना. गुडघ्यावर ठेवून तळव्याने दाबली, तरी फुटेना. शेवटी आमच्या क्रीडाशिक्षकांनी ती हातातून घेतली आणि पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर दणकन आपटली, तेव्हा कुठे आत 'फट्' झालं. दोन-तीनदा हलवून घोट्याला लावली तर मुलीने "आई गं" करत पाय ओढून घेतला. दुखलं म्हणून नव्हे, गार लागलं म्हणून. अर्ध्या मिनिटापूर्वी ती पिशवी माझ्या पर्सइतकीच कोमट होती.

मी जिंतूरला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. खेळाच्या किटची पिशवी माझ्या गळ्यात कशी पडली ते विचारू नका. "मॅडम केमिस्ट्रीच्या, त्यांना औषधातलं कळतं" या न्यायाने पडली. पण त्यामुळे झालं असं की गेल्या सप्टेंबरपासून मी या पिशव्या वापरल्या, फाडल्या, मोजल्या आणि त्यांच्यावर दोन तासही घेतले. त्याचा हा लेखाजोखा.

खरेदी अशी: ९० रुपयांचे सहा कोल्ड पॅक, १४० रुपयांचे दोन, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी ३२० रुपयांची एक गरम पिशवी, जिच्यात धातूची छोटी चकती असते. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण मला बोलायचंय ते आतल्या मालाबद्दल आणि त्या मालाबद्दल एकाही पाकिटावर चकार शब्द नाही. 'खाऊ नये, डोळ्यांना लावू नये' आणि एका धावणाऱ्या माणसाचं चित्र. संपलं.

सहातला एक पॅक घरी आणेपर्यंतच बाद झाला होता. आतली पाण्याची पिशवी झिरपली असणार. दाण्यांची ओली ढेप झाली होती, मीठ पावसाळ्यात होतं तशी. परत न्यायला गेले तर उत्तर, "सीलबंद माल वापस घेत नसतो मॅडम." सील तर शाबूतच होतं, गळलं होतं ते आत. पण नव्वद रुपयांसाठी जिंतूर-परभणी दुसऱ्यांदा कोण करणार, म्हणून तो पॅक मी फाडला आणि तिथून माझी चौकशी सुरू झाली.

आत पांढरे, गोल, मोहरीपेक्षा मोठे दाणे. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाने ते पाहिले की हात आपोआप नाकाशी जातो. वास नव्हता. महागड्या पॅकमधले मात्र दाणे नव्हते, साखरेसारखी बारीक कणी होती. मी सासूबाईंच्या पानाच्या डब्यातला चुना घेतला आणि दोन्हींची चिमूट-चिमूट तळहातावर चुन्याशी चोळून बघितली. नव्वदवाल्याला काही झालं नाही. एकशेचाळीसवाल्याला चोळताक्षणी अमोनियाचा असा भपका आला की डोळ्यांत पाणी. बंद गोठ्याचं दार सकाळी उघडल्यावर येतो ना, तसा. म्हणजे हा अमोनियमचा क्षार. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्याच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाकले. ते महाग असतं, त्यामुळे आमच्या लॅब असिस्टंटने तोंड वाकडं केलं, पण दह्यासारखा पांढरा साका खाली बसला. क्लोराइड. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर! लहानपणी कल्हईवाला तापलेल्या पितळी पातेल्यात कापसाने जो फिरवायचा आणि पांढरा धूर निघायचा, तोच. नव्वदवाले दाणे मुलांकडे दिले. त्यांनी ते परीक्षानळीत तापवून, गार करून, कॉस्टिक आणि मोरचुदाचं द्रावण घालून युरिया ओळखायची बाययुरेट टेस्ट केली. सुंदर जांभळा रंग आला. युरिया.

आता हिशोब बघा. अनुदानित निमकोटेड युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते. माझ्या पॅकमध्ये तराजूवर ९५ ग्रॅम युरिया भरला. गोणीच्या भावाने छप्पन्न पैसे. कारखान्याला तो भाव लागू नसतो, शेतीचा युरिया तिकडे वळवणं गुन्हा आहे, आणि पिशवी, पाणी, छपाई, दुकानदाराचा नफा हे सगळं धरायला हवं, हे मला कळतं. तरीही छप्पन्न पैसे ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये जी शांतता पसरली ती अनुभवण्यासारखी होती.

एप्रिलात, पंख्याखाली ३८ अंश असताना, दोन्हींची समोरासमोर परीक्षा घेतली. पॅकमधलं पाणी सुरुवातीला ३६ अंशांवर. युरियावाला पॅक दोन मिनिटांत १२ अंशांपर्यंत उतरला. नवसागरवाला १७ च्या खाली गेलाच नाही. बारा-पंधरा मिनिटांनी दोन्ही पंचविशीच्या वर. म्हणजे पन्नास रुपये जास्त घेणारा पॅक पाच अंशांनी कमी पडला. याचं कारण साधं आहे. ग्रॅममागे नवसागर थोडी जास्तच उष्णता ओढतो (ती ज्यूलमध्ये मोजतात), युरिया २५० ज्यूलच्या आसपास तर नवसागर २७५ च्या. पण शंभर मिलिलिटर पाण्यात नवसागर चाळीसेक ग्रॅमच्या वर विरघळतच नाही आणि युरिया शंभर ग्रॅमही विरघळतो. महागड्या पॅकच्या तळाशी शेवटी कणी तशीच उरली होती, पिशवीवरून बोट फिरवलं की करकर लागायची.

पायासाठी युरिया जिंकला. माझ्या तासासाठी मात्र नवसागर, कारण युरिया आयनिक, म्हणजे अधिक-उणे विद्युतभाराच्या कणांचा (आयनांचा), पदार्थच नाही आणि बारावीच्या मुलांना मला नेमकं आयनांचंच समजावायचं होतं.

आमच्या मुलांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलेली असते: सोडियमने इलेक्ट्रॉन दिला, क्लोरिनने घेतला, दोघं सुखी झाले, म्हणून ऊर्जा बाहेर पडली. दहावीपर्यंत हे खपून जातं. खरा हिशोब मांडला की मुलं डोळे विस्फारतात, म्हणून मी तो मोंढ्यातल्या पट्टीसारखा मांडते. सोयाबीन घालून आलेल्या घरातल्या लेकरांना पट्टी कळते: वर मोठा आकडा, मग हमाली, तोलाई, उचल, आणि खाली हातात काय पडलं ते.

तर एक मोल मीठ. मोल म्हणजे केमिस्ट्रीतलं डझनासारखं मोजमाप, ठरावीक संख्येचे कण. आधी सगळा खर्च. सोडियम धातूचे अणू एकमेकांपासून सुटे करायला १०८ किलोज्यूल. प्रत्येक अणूचा एक इलेक्ट्रॉन काढायला ४९६. क्लोरिनचे रेणू फोडून तेवढेच सुटे अणू मिळवायला १२२. झाले ७२६. आता क्लोरिन इलेक्ट्रॉन घेतो तेव्हा परत येतात फक्त ३४९. म्हणजे ज्या देवाणघेवाणीचं एवढं कौतुक, ती संपली तेव्हा आपण ३७७ किलोज्यूल तोट्यात! हा तोटा भरून काढतं ते पुढचं पाऊल. अधिक आणि उणे आयन एकमेकांना खेचत, एकाभोवती सहा असे, स्फटिकात रचून बसतात आणि त्या बसण्यातून ७८८ किलोज्यूल बाहेर पडतात. ही लॅटिस एनर्जी. ७८८ वजा ३७७, हातात ४११. मीठ बनताना मोलमागे मिळतात ते एवढे.

मॅक्स बोर्न आणि फ्रित्झ हाबर या शास्त्रज्ञांनी १९१९ मध्ये मांडलेलं हे चक्र. याची गंमत अशी की लॅटिस एनर्जी प्रयोगशाळेत थेट मोजायची सोय नाही. सुटे आयन हवेत धरून ठेवून एकदम जुळवता येत नाहीत. बाकीच्या सगळ्या रकमा मात्र मोजता येतात. पट्टीत एकच आकडा पुसला गेला असेल तर उरलेल्यांवरून तो काढता येतो, तसं.

विरघळताना हीच पट्टी उलटी. ७८८ भरून स्फटिक मोडायचा. मग पाण्याचे रेणू प्रत्येक आयनाला घेरतात आणि त्यातून ७८४ परत मिळतात. फरक चारचा. दोन एवढ्या थोरल्या रकमा आणि शिल्लक चिल्लर. म्हणून ग्लासभर पाण्यात चमचाभर मीठ टाकलं तर थर्मामीटर अर्धा अंशही हलत नाही. नवसागरात ही तूट पंधराच्या घरात जाते. ती कुणाच्या खिशातून भरली जाते? पाण्याच्या, पिशवीच्या आणि त्या मुलीच्या घोट्याच्या. तिने पाय ओढून घेतला तो या पंधरा किलोज्यूलपायी.

"मॅडम, तोटा होतो तर विरघळतंच कामून?" असा प्रश्न मागच्या बाकावरून आला. मला फार आवडला. शिस्तीत रचलेले आयन पाण्यात हवे तसे पांगू शकतात, ही पांगापांग निसर्गाला तोटा सोसूनही परवडते, एवढं सांगून या पांगापांगीचा, म्हणजे एन्ट्रॉपीचा, तास पुढच्या आठवड्यावर ढकलला.

परदेशात या पॅकमध्ये अमोनियम नायट्रेट वापरतात. ते मोलमागे २६ किलोज्यूल ओढतं आणि पाण्यात भरपूर विरघळतं, त्यामुळे पॅक म्हणून सरस. पण तेच स्फोटकांतही जातं, म्हणून आपल्याकडे २०१२ च्या नियमांनी त्याच्या विक्रीला परवाना लागतो. सर्जिकलच्या दुकानात आपल्याला युरिया नि नवसागर मिळतो, त्याला हे निदान एक कारण असावं असा माझा अंदाज.

हा गारवा खरा कुणाला ठाऊक असेल तर ठिबकवाल्यांना. माझा धाकटा भाऊ वसमतकडे हळद करतो. शून्य-बावन्न-चौतीस, तेरा-शून्य-पंचेचाळीस ही पाण्यात विरघळणाऱ्या खतांची नावं म्हणजे त्याची रोजची भाषा. दिवाळीनंतर गेले तेव्हा तो सकाळी सकाळी ड्रममध्ये काठीने ढवळत होता. "अक्का, हात लावून बघ. ड्रमला घाम फुटलाय." खरंच बाहेरून दव जमलं होतं, बर्फाच्या ग्लासाला जमतं तसं. तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, मोलमागे जवळजवळ ३५ किलोज्यूलची तूट, नवसागराच्या दुपटीहून जास्त. त्यात दुसरी मेख अशी की पाणी गार झालं की तेच खत कमी विरघळतं: वीस अंशांना शंभर मिलिलिटरमध्ये तीसेक ग्रॅम, शून्याच्या जवळ तेराच. म्हणजे विरघळता विरघळता ते स्वतःचीच वाट अडवतं. भाऊ म्हणे कंपनी भेसळ करते, खाली साका राहतो आणि फिल्टर चोंदतो. मी त्याला दुपारी, टाकीतलं पाणी तापल्यावर, थोडं थोडं टाकायला सांगितलं. आठ दिवसांनी फोन: "राहिला नाही साका." कंपनीची माफी मात्र त्याने अजून मागितलेली नाही.

त्याच्याच शेडमध्ये मॅग्नेशियम सल्फेटची पिशवी होती. शेतीचं मॅग्नेशियम सल्फेट स्फटिकातच पाण्याचे सात रेणू बांधून आलेलं असतं. ते पाण्यात टाकलं की गार पडतं. तेच पाणी काढून टाकलेलं कोरडं मॅग्नेशियम सल्फेट घेतलं तर चटका बसेल इतकं तापतं, कारण त्याच्या आयनांना पाणी भेटायचं बाकी असतं. कपाटातल्या ओलावा शोषणाऱ्या डब्यांतलं कोरडं कॅल्शियम क्लोराइडही तसंच: विरघळताना मोलमागे ८१ किलोज्यूल उलट देऊन जातं. मुलांपुढे बीकर फिरवला तेव्हा पहिल्या बाकावरच्या पोराने हात झटकला. नवसागर आणि हे, दोन्ही क्लोराइडच, दोन्ही पांढरेच.

आता गरम पिशवी. ही तिघींत माझी आवडती आणि सासूबाईंचीही, पण सुरुवात वाईट झाली. खोक्यातून काढली ती दगड झालेली. मला वाटलं हीही बाद. माहितीपत्रक वाचल्यावर कळलं की रस्त्यात कुठेतरी चकती दबून ती आपोआप सुरू होऊन थिजली होती. उकळत्या पाण्यात टाकली, पंधरा मिनिटांत पाण्यासारखी पातळ झाली.

आत सोडियम ॲसिटेट आहे, स्फटिकात पाण्याचे तीन रेणू धरून बसणारं. ५८ अंशांना ते स्वतःच्याच पाण्यात वितळतं. गार होताना मात्र पुन्हा गोठायला विसरतं! खोलीच्या तापमानाला आलं तरी पातळच. मग आतली चकती टिचकीसारखी वाकवायची. चकतीपाशी पांढरा ठिपका दिसतो आणि त्यातून सुया फुटत, काचेवर दव गोठावं तशा, चार-पाच सेकंदांत या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जातात. पिशवी हातात घट्ट होते आणि तापते. माझ्या थर्मामीटरवर ५३. आयन पुन्हा रचून बसले, आणि उकळताना आपण गॅसवर जी उष्णता भरली होती ती ग्रॅममागे अडीचशे-पावणेतीनशे ज्यूलने परत आली. कोल्ड पॅकमध्ये जे मोडताना लुटलं जातं, ते इथे रचताना मिळतं. हे सगळं मी सासूबाईंना उत्साहाने सांगितलं. त्यांनी पिशवी उलटसुलट केली आणि विचारलं, "पण ह्याची वायर कुठंय?"

डिसेंबरात आमच्याकडची पहाट हाडं गोठवणारी असते. त्या पाच वाजता उठून आधी टिचकी वाजवतात, मग देवपूजा. पाऊण तास ऊब टिकते. दोन सूचना स्वतःच्या चुकांतून: एक, पिशवी उघड्या गुडघ्यावर ठेवू नका. म्हाताऱ्या कातडीला ५३ अंश भाजतं, आम्हाला एक फोड निस्तरावा लागला. आता जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळतो. दुसरी, उकळताना एक दाणाही शिल्लक ठेवू नका. मी एकदा घाई केली, पिशवीच्या कोपऱ्यात खडीसाखरेएवढा खडा राहिला. गार होता होता त्या खड्यापासून सगळी पिशवी पुन्हा थिजली, कुणी टिचकी न वाजवता. पातेल्याच्या बुडाशी फडकं घाला, नाहीतर शिवण वितळते. माझ्या पिशवीचे आजवर शंभरेक उकाळे झाले असतील. शिवण शाबूत आहे. ३२० रुपये पुरेपूर वसूल.

कोल्ड पॅकबद्दल एवढं कौतुक करता येणार नाही. सरळ सांगायचं तर बर्फ यांच्यापेक्षा भारी आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ ज्यूल घेतो, युरियाच्या कितीतरी वर, आणि वितळून संपेपर्यंत शून्यावरच राहतो. कुल्फीवाला हंडीभोवतीच्या बर्फात जाडं मीठ घालून त्याहूनही खाली, उणे वीसच्या आसपास जातो, आणि तिथेही मूळ काम बर्फाच्या वितळण्याचंच असतं, मिठाच्या त्या चार किलोज्यूलचं नव्हे. मैदानाच्या बाहेर रसवंती असेल तर दहा रुपयांचा बर्फ आणि एक रुमाल पॅकला सहज हरवतो. पॅक घ्यायचा तो जिथे रसवंती नाही, लाइट गेलीय, एसटीत बसून तीन तास जायचंय, अशा वेळेसाठी. आणि आमच्या सामन्यांची मैदानं नेमकी तशीच असतात.

वापरलेल्या युरियाच्या पॅकचं पाणी मी बादलीभर पाण्यात मिसळून दारच्या जास्वंदीला घातलं. तिने तक्रार केली नाही. नवसागराचं मात्र मोरीत ओतलं.

यंदाच्या किटसाठी नव्वदवाले आठ घेणार आहे, दुकान दुसरं. घेताना एक करा: पॅक कानाशी धरून हलवा. दाणे खुळखुळले पाहिजेत आणि पाणी वेगळं डुचमळलं पाहिजे. आवाजच नसेल तर काउंटरवरच ठेवून या.